दर्शनी बाजू कोणाची? बायझंटाईन नाण्यांवरील सम्राट आणि ख्रिस्त

टांकसाळ (धागाकर्ता)

नमस्कार. पूर्व रोमन साम्राज्याच्या, म्हणजे ज्याला आपण आज बायझंटाईन म्हणतो त्या राज्याच्या नाण्यांविषयी गेले वर्षभर मी जमेल तसे वाचतो आहे. त्यातल्या एका नाण्यापाशी मी पुन्हा पुन्हा येऊन थांबतो, आणि त्याविषयी इथल्या जाणकारांशी बोलावे म्हणून हा धागा काढला आहे.

हे नाणे जस्टिनियन दुसरा याचे आहे. हागिया सोफिया बांधणारा तो जस्टिनियन पहिला. हा त्याच्यानंतर सव्वाशे वर्षांनी, इ.स. ६८५ मध्ये, ऐन तारुण्यात गादीवर आला. सोन्याच्या नाण्याला तेव्हा सॉलिडस म्हणत. सम्राट कॉन्स्टंटाईनने चौथ्या शतकाच्या आरंभी एका रोमन पौंडाला ७२ नाणी या हिशेबाने ते पाडायला सुरुवात केली होती, आणि साडेतीनशे वर्षांनंतरही त्याचे वजन साडेचार ग्रॅमच्या आसपास आणि कस जवळजवळ शुद्ध असाच होता. या सर्व काळात, किंबहुना थेट ऑगस्टसपासून, दर्शनी बाजूवर राज्यकर्त्याचा चेहरा असायचा आणि देवता, विजयाची मूर्ती किंवा पुढे क्रूस हे सारे मागच्या बाजूला असायचे.

इ.स. ६९२ च्या सुमारास जस्टिनियन दुसरा याने ही रीत मोडली. त्याच्या नाण्याच्या दर्शनी बाजूवर ख्रिस्त आला: लांब केस, भरघोस दाढी, डोक्यामागे क्रूस, एका हातात शुभवर्तमानाचा ग्रंथ आणि दुसरा हात आशीर्वादासाठी उचललेला. भोवतीच्या लॅटिन लेखात त्याला 'रेक्स रेग्नांटिउम', म्हणजे राज्य करणाऱ्यांचा राजा, म्हटले आहे. सम्राट स्वतः मागच्या बाजूला गेला. तिथे तो पायऱ्यांवर रोवलेला क्रूस हातात धरून उभा आहे, आणि त्याच्या नावापुढे 'सेर्वुस क्रिस्ती', ख्रिस्ताचा दास, असे लिहिले आहे.

माझा प्रश्न असा की, सम्राटाचे हे मागे सरकणे ही खरोखरची नम्रता मानावी की सत्तेचा नवा दावा? मला स्वतःला हा दावा वाटतो. जो स्वतःला राजाधिराजाचा दास म्हणवतो, तो आपल्यात आणि त्या राजाधिराजात दुसऱ्या कोणालाही, अगदी धर्मगुरूंनाही, जागा ठेवत नाही. त्याच सुमारास, ६९१–६९२ मध्ये, याच सम्राटाने कॉन्स्टँटिनोपल या आपल्या राजधानीत (आजचे इस्तंबूल) धर्मपरिषद भरवली होती, आणि तिच्या ८२ व्या नियमाने ख्रिस्ताला कोकराच्या रूपात न दाखवता मानवी रूपात दाखवावे असे ठरवले होते. परिषद आणि नाणे यांचा थेट संबंध सिद्ध करता येत नाही, पण ही दोन्ही कामे एकाच राजवाड्यातून झाली, हे दुर्लक्षून चालणार नाही.

वाचनमात्र

विषय नवा आहे, त्यामुळे आधी एक शंका विचारतो. ६९२ च्या आधी नाण्यांवर ख्रिस्ती धर्माची खूण नव्हतीच का? ख्रिस्ती धर्म स्वीकारणारा कॉन्स्टंटाईन तर चौथ्या शतकातला.

ऋतुगंध

@वाचनमात्र, खूण होती, पण ती फार सावकाश आली, आणि तो क्रम पाहिला तर मूळ प्रश्नावरही थोडा उजेड पडतो.

कॉन्स्टंटाईनची नाणी सुमारे ३२५ पर्यंत अजिंक्य सूर्यदेवाला मागच्या बाजूवर मिरवत होती. ३२७ च्या सुमारास त्याच्या नव्या राजधानीत पाडलेल्या एका तांब्याच्या नाण्यावर ख्रिस्ताच्या नावाची आद्याक्षरे माथ्यावर असलेला ध्वज एका सापाच्या अंगात घुसलेला दिसतो. मात्र ते नाणे दुर्मीळच राहिले. त्यानंतर दोनशे वर्षे मागच्या बाजूवर प्रामुख्याने विजयादेवी होती, तीच जुनी, पंख असलेली, रोमन. फक्त तिच्या हातात क्रूस आला.

मला सर्वांत विलक्षण वाटतो तो जस्टिन पहिला याच्या काळातला, म्हणजे ५१८ ते ५२७ मधला बदल. या काळात विजयादेवीचा स्त्रीवेश गेला आणि तिच्या जागी पुरुषी वेशातला देवदूत उभा राहिला. पंख तसेच राहिले आणि भोवतीचा 'सम्राटांचा विजय' हा लेखही तसाच राहिला. बाजारात नाणे घेणाऱ्याला काही बदलले आहे हे लक्षात यायला कदाचित बरीच वर्षे लागली असतील. पुढे टायबेरिअस दुसरा (५७८–५८२) याने देवदूतही काढला आणि पायऱ्यांवर उभा असलेला मोठा क्रूस एकटाच ठेवला. येशूला जिथे क्रूसावर चढवले त्या गोल्गोथाच्या टेकडीवर उभारलेल्या रत्नजडित क्रूसाची ती आठवण मानली जाते.

म्हणजे देवी, मग देवदूत, मग क्रूस, आणि शेवटी स्वतः ख्रिस्त. धर्म नाण्यावर आला तो मागच्या दाराने आला आणि साडेतीनशे वर्षांनी पुढच्या दारात जाऊन उभा राहिला.

टांकसाळ

@ऋतुगंध, फार सुंदर मांडलेत. यात सम्राट हेराक्लिअसची एक नोंद जोडतो. ६१४ मध्ये इराणच्या ससानी सैन्याने जेरुसलेम जिंकले आणि तिथला पवित्र क्रूस उचलून नेला. पुढच्याच वर्षी, ६१५ मध्ये, हेराक्लिअसने चांदीचे एक जड नाणे काढले आणि त्यावर लिहिले, 'देवा, रोमनांना साहाय्य कर'. पराभव होत असताना सैनिकांच्या हाती पगार म्हणून पडलेले हे नाणे म्हणजे धातूवर छापलेली प्रार्थना आहे. त्यात विजयाची फुशारकी नाही, आणि म्हणूनच ते नाणे मला विलक्षण प्रामाणिक वाटते.

दूरदेशी

मी इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला राहतो. इथल्या विद्यापीठाच्या बार्बर संस्थेत बायझंटाईन नाण्यांचा मोठा संग्रह आहे, आणि तिथे मी जस्टिनियन दुसरा याची दोन्ही प्रकारची नाणी काचेतून पाहिली आहेत. छायाचित्रांवरून कल्पना येत नाही, म्हणून सांगतो: नाणे जेमतेम वीस मिलिमीटरचे आहे, आजच्या आपल्या रुपयाच्या नाण्याच्या आसपास. ठसा कोरणाऱ्या कारागिराने एवढ्याशा जागेत केसांच्या बटा, ग्रंथावरची रत्ने आणि आशीर्वादाची बोटे कोरली आहेत. त्या काळातल्या बऱ्याच नाण्यांवरचे सम्राट बाहुल्यांसारखे दिसतात, पण हा ख्रिस्त मात्र आपल्याकडे रोखून पाहतो. हे काम करणारा माणूस कोणतीतरी मोठी भित्तिप्रतिमा डोळ्यांसमोर ठेवून काम करत असावा, असे मला तिथे उभे असताना वाटले.

'दोन्ही प्रकार' म्हणालो त्याचे कारण असे. ६९५ मध्ये या सम्राटाला पदच्युत करून, त्याचे नाक कापून, क्रिमियातल्या खेर्सोनला हद्दपार केले गेले. दहा वर्षांनी तो परत आला आणि त्याने पुन्हा गादी मिळवली. दुसऱ्या कारकिर्दीतही त्याने ख्रिस्त दर्शनी बाजूवर आणला, पण हा ख्रिस्त अगदी वेगळा आहे: कुरळे आखूड केस, तुरळक दाढी, तरुण चेहरा. दोन शेजारी ठेवलेल्या नाण्यांवर एकाच देवाचे दोन चेहरे पाहताना मी बराच वेळ हललो नाही.

हिशेबनीस

चर्चा उत्तम चालली आहे, पण माझा एक मूलभूत आक्षेप आहे. आपण सगळे सोन्याच्या नाण्याविषयी बोलत आहोत. सॉलिडस सामान्य माणसाच्या हाती रोज पडत नव्हता. भाकरी, तेल, मासे यांचा व्यवहार तांब्याच्या फोलिसवर चालत असे, आणि ४९८ मध्ये सम्राट अनास्तासिअसने सुधारणा केल्यापासून त्या फोलिसच्या मागच्या बाजूवर ठळकपणे काय होते, तर 'एम' हे अक्षर. ग्रीक पद्धतीने त्याचा अर्थ ४०, म्हणजे ४० नुम्मींचे नाणे (नुम्मी हे सर्वांत लहान तांब्याचे नाणे). अर्ध्या नाण्यावर 'के' म्हणजे २०. जस्टिनियन पहिला याने ५३८–५३९ पासून त्यावर राज्यवर्षही छापले. बाजारातल्या माणसाला किंमत वाचता येणे महत्त्वाचे होते. धर्मतत्त्वाचा एवढा सूक्ष्म संदेश सोन्यावर कोरला, तर तो वाचणार कोण? दरबारातले लोक आणि सेनापती. मग याला जनतेपर्यंत पोचणारे माध्यम म्हणणे अतिशयोक्तीचे नाही का?

टांकसाळ

@हिशेबनीस, आक्षेप रास्त आहे, पण अर्धाच मान्य करतो. बायझंटाईन राज्य जमिनीचा कर सोन्यात मागत असे. शेतकऱ्याला वर्षातून एकदा तरी सोन्याचे नाणे मिळवून ते वसुली अधिकाऱ्याच्या हातावर ठेवावे लागे, आणि पुढच्या काळात तर अशी पद्धत होती की देणे एका नाण्याच्या दोन तृतीयांशांहून अधिक झाले की पूर्ण नाणे भरायचे आणि उरलेली मोड तांब्यात परत घ्यायची. तेच सोने सैनिकांच्या आणि अधिकाऱ्यांच्या पगारातून पुन्हा बाहेर पडे. वर्षातून एकदाच हाती येणारे नाणे माणूस रोजच्या नाण्यापेक्षा अधिक निरखून पाहतो.

आणि तांब्यावरही ख्रिस्त आलाच, फक्त उशिरा आला. ९७० च्या सुमारास, सम्राट जॉन त्झिमिस्केसच्या काळात, असे फोलिस निघाले की ज्यांवर सम्राटाचे नाव नाही, चित्रही नाही. एका बाजूला ख्रिस्त, आणि दुसऱ्या बाजूला 'येशू ख्रिस्त, राजांचा राजा' एवढाच लेख. अशी निनावी नाणी १०९२ पर्यंत, म्हणजे सव्वाशे वर्षे चालली. मासळीबाजारातल्या बाईच्या हातात शेवटी ख्रिस्तच आला आणि सम्राट तिथून पूर्णपणे बाजूला झाला.

हिशेबनीस

निनावी फोलिसचा मुद्दा मान्य. तो मला ठाऊक नव्हता. मात्र मग आपला मूळ सिद्धांत अडचणीत येतो. सम्राटाचे नावच नसेल तर सत्तेचा दावा कुठे राहिला?

नीलांबरी

माझ्या मते या नाण्यांकडे फक्त कॉन्स्टँटिनोपलमधून पाहून भागणार नाही, कारण त्याच वेळी दमास्कसमध्ये कोणीतरी तीच नाणी हातात घेऊन विचार करत होते.

सातव्या शतकाच्या मध्यापर्यंत सीरिया आणि इजिप्त अरबांच्या ताब्यात गेले होते, पण तिथला व्यवहार बायझंटाईन सोन्यावरच चालत होता. खलिफा अब्द अल-मलिक याच्यासमोरचा प्रश्न असा की, क्रूस असलेल्या नाण्यावर मुस्लिम राज्य किती दिवस चालवायचे? त्याचे उत्तर टप्प्याटप्प्याने दिसते. प्रथम हेराक्लिअसच्या नाण्याची नक्कल झाली. तीन राजे तसेच उभे, पण मागच्या बाजूच्या क्रूसाची आडवी दांडी काढून टाकलेली, त्यामुळे पायऱ्यांवर नुसता खांब उरला. मग हिजरी ७४ ते ७७ मध्ये, म्हणजे ६९३ ते ६९७ या काळात, तलवार कमरेला लावलेला उभा खलिफा नाण्यावर आला. आणि हिजरी ७७ मध्ये सर्व चित्रे गेली. उरली ती फक्त अक्षरे, कुराणातील वचने.

म्हणजे एका नाण्यावर देवाचे चित्र पुढे आले आणि पाच-सहा वर्षांत शेजारच्या नाण्यावरून सगळीच चित्रे नाहीशी झाली. हे दोन निर्णय एकमेकांना दिलेली उत्तरे आहेत, असे मानल्याशिवाय मला राहवत नाही.

चिकित्सक

@नीलांबरी, उत्तरे आहेत हे मान्य. पण आधी कोण बोलले हे ठरवताना जपायला हवे. ख्रिस्ताच्या नाण्यावर साल नाही. ते ६९२ चे मानले जाते ते परिषदेच्या आधारावर, आणि उभ्या खलिफाच्या नाण्यावर मात्र हिजरी साल स्पष्ट कोरलेले आहे. एक नाणे अनुमानाने ठरवलेल्या काळातले आणि दुसरे निश्चित काळातले असेल, तर पहिल्याला कारण आणि दुसऱ्याला परिणाम म्हणण्याआधी थांबायला हवे.

आता एक वेगळा गैरसमज दूर करतो, कारण तो वारंवार वाचायला मिळतो. पुष्कळांना वाटते की नाण्यावरचा ख्रिस्त आठव्या शतकातल्या प्रतिमाभंजनामुळे, म्हणजे धार्मिक प्रतिमांवर आलेल्या बंदीमुळे, गेला. तसे झाले नाही. ६९५ मध्ये जस्टिनियनला हटवणारा लिओन्टिओस आणि त्याच्यानंतरचा टायबेरिअस तिसरा या दोघांनी ताबडतोब जुनी रीत परत आणली: पुढे सम्राट, मागे क्रूस. ७०५ मध्ये जस्टिनियन परतल्यावर ख्रिस्त परतला, आणि ७११ मध्ये त्याची हत्या झाल्यावर पुन्हा गेला. ज्याच्यापासून प्रतिमाभंजन सुरू झाले असे मानतात तो लिओ तिसरा तोपर्यंत गादीवर आलेलाही नव्हता. थोडक्यात, त्या काळच्या लोकांनी ही प्रतिमा एका माणसाची, जवळजवळ त्याच्या घराण्याच्या निशाणासारखी मानली होती. धागाकर्त्यांच्या 'दावा' या मताला हा मला सर्वांत भक्कम पुरावा वाटतो. ती निव्वळ भक्ती असती, तर तिला काढून टाकण्याचे धाडस इतक्या सहजपणे कोणी केले नसते.

ऋतुगंध

@चिकित्सक, अगदी सहमत. आणि प्रतिमाभंजक सम्राटांनी रिकाम्या झालेल्या जागेत काय भरले ते पाहण्यासारखे आहे. लिओ तिसरा याच्या आणि त्याच्या वंशजांच्या सोन्याच्या नाण्यांवर कुटुंब आले. लिओ चौथा (७७५–७८०) याच्या नाण्यावर एका बाजूला तो आणि त्याचा मुलगा, आणि दुसऱ्या बाजूला त्याचे दिवंगत वडील व आजोबा: नाण्याच्या दोन बाजूंवर चार पिढ्या. पुढे सम्राज्ञी आयरीन (७९७–८०२) एकटीने राज्य करू लागली तेव्हा तिने दोन्ही बाजूंवर स्वतःचेच चित्र छापले. दर्शनी बाजू कोणती हा प्रश्नच तिने उरू दिला नाही.

लिओ तिसऱ्याने ७२० मध्ये चांदीचे जे नवे नाणे काढले, ते पातळ आणि पसरट होते, एका बाजूला क्रूस आणि दुसऱ्या बाजूला ओळींमध्ये लिहिलेला मजकूर. हे रूप सरळ सरळ अरबी दिरहमवरून घेतलेले आहे, आणि काही नाणी तर प्रत्यक्ष दिरहमवरच नवा ठसा मारून तयार केलेली सापडतात. नीलांबरी म्हणतात तो संवाद असा दोन्ही बाजूंनी चालू होता.

शिळाप्रेस

प्रतिमाभंजनाचा विषय निघालाच आहे, तर धाकट्या स्टीफनची कथा इथे यायलाच हवी. हा प्रतिमापूजक भिक्षू. कॉन्स्टंटाईन पाचवा याच्यासमोर त्याला उभे केले गेले तेव्हा त्याने एक नाणे काढून विचारले की यावर कोणाची प्रतिमा आहे. सम्राटाची, असे उत्तर आल्यावर त्याने ते जमिनीवर टाकून पायाखाली तुडवले. लोक खवळले. त्याचा युक्तिवाद असा होता की, राजाची प्रतिमा तुडवणाऱ्याला शिक्षा होते, तर ख्रिस्ताची प्रतिमा तुडवणाऱ्यांचे काय? ही कथा त्याच्या चरित्रात येते आणि चरित्र भक्ताने लिहिलेले आहे, हे ध्यानात ठेवूनच ती वाचावी. पण प्रश्न विचारण्याची पद्धत थेट मत्तयाच्या शुभवर्तमानातली आहे. कराचे नाणे दाखवून येशू हेच विचारतो: ही प्रतिमा कोणाची? कैसराचे ते कैसराला, देवाचे ते देवाला. जस्टिनियन दुसऱ्याच्या नाण्यावर मात्र कैसर आणि देव दोघेही आहेत. ते नाणे दाखवून हा प्रश्न विचारला असता तर काय उत्तर मिळाले असते, याचा मी बराच वेळ विचार करतो आहे.

वाचनमात्र

@शिळाप्रेस, हा प्रतिसाद वाचून अंगावर काटा आला. धाग्याचा प्रश्न मला आता कुठे नीट कळला.

नीलांबरी

८४३ मध्ये प्रतिमापूजा पुन्हा मान्य झाल्यावर मायकेल तिसऱ्याच्या नाण्यांवर ख्रिस्त परतला. तो कोणता, तर दूरदेशींनी सांगितलेला पहिला, लांब केसांचा आणि भरघोस दाढीचा. दीडशे वर्षांपूर्वीचे नाणे समोर ठेवून ठसा कोरला गेला हे उघड दिसते. ज्याची प्रतिमा त्याच्या शत्रूंनी दोनदा काढून टाकली, त्याच सम्राटाची कल्पना पुढे शतकानुशतके प्रमाण ठरली.

त्यानंतर गर्दी वाढत गेली. लिओ सहावा (८८६–९१२) याने कुमारी मरियेला प्रथम नाण्यावर आणले. त्याचा भाऊ अलेक्झांडर याच्या नाण्यावर बाप्तिस्मा देणारा योहान सम्राटाच्या डोक्यावर मुकुट ठेवतो. पुढे मरियाच मुकुट ठेवू लागली. मुकुट स्वर्गातूनच येतो म्हटल्यावर पृथ्वीवर त्याविषयी प्रश्न विचारणार कोण? मी धागाकर्त्यांच्या बाजूने आहे.

चिकित्सक

प्रश्न विचारले गेले, आणि त्याचा पुरावाही नाण्यावरूनच मिळतो. १०५७ मध्ये सेनापती आयझॅक कॉम्नेनस बंड करून सम्राट झाला. त्याने आपल्या सोन्याच्या नाण्यावर स्वतःला उपसलेली तलवार खांद्यावर धरून उभे दाखवले. त्यावर राजधानीत नाराजी पसरली. हा आपले राज्य देवाच्या कृपेचे न मानता तलवारीचे मानतो, अशी टीका समकालीन इतिहासकारांनी नोंदवली आहे. दुसऱ्या बाजूला ख्रिस्त सिंहासनावर बसलेला होताच, तरीही लोकांनी तलवार पाहिली.

यावरून दोन गोष्टी सिद्ध होतात असे मला वाटते. पहिली, हिशेबनीस यांच्या शंकेचे उत्तर: लोक नाणे वाचत होते, आणि बारकाईने वाचत होते. दुसरी, धागाकर्त्यांच्या मताला थोडी मुरड घालावी लागते. नम्रता हा केवळ सम्राटाचा दावा नव्हता. ती प्रजेची अटही झाली होती. सम्राटाने दास म्हणून दिसले पाहिजे, ही अपेक्षा एकदा नाण्याने निर्माण केली की ती त्यालाही बांधून ठेवते.

हिशेबनीस

हा मुद्दा पटला, आणि मी माझा आक्षेप मागे घेतो. आता माझ्या आवडीच्या विषयावर येतो, तो म्हणजे कस.

चित्र कितीही पवित्र असले तरी सोनाराची कसोटी वेगळी असते. मायकेल चौथा (१०३४–१०४१) याच्यापासून सोन्यात भेसळ वाढत गेली. मायकेल सातवा याला तर लोकांनी 'पाव-कमी' अशा अर्थाचे टोपणनाव दिले, कारण एका नाण्याला मिळणारे धान्याचे माप पाव हिश्श्याने घटले होते. नायसेफोरस तिसरा (१०७८–१०८१) याच्या काळात २४ पैकी आठेक कॅरट सोने उरले होते. या सर्व नाण्यांवर ख्रिस्त तसाच आहे, हात आशीर्वादासाठी तसाच उचललेला आहे, फक्त त्याचा चेहरा वर्षागणिक फिकट होत जातो. १०९२ मध्ये अलेक्सिओस कॉम्नेनसने साडेवीस कॅरटांचे नवे नाणे काढले आणि त्याला 'हायपरपायरॉन', म्हणजे आगीतून चांगले तावून काढलेले, असे नाव पडले. लोकांनी नव्या नाण्याला नाव दिले ते त्याच्या धातूच्या शुद्धतेवरून, त्यावरच्या प्रतिमेवरून नव्हे.

शिळाप्रेस

@हिशेबनीस, 'फक्त चेहरा फिकट होत जातो' हे वाक्य मी वहीत उतरवून घेतले आहे.

सह्यकडा

थोडे अवांतर, पण संबंध खरा आहे म्हणून लिहितो. मी कल्याणचा. सहाव्या शतकात कॉसमास नावाचा एक अलेक्झांड्रियाचा व्यापारी पुढे भिक्षू झाला आणि त्याने भारतीय समुद्राच्या व्यापाराविषयी ग्रीकमध्ये लिहून ठेवले. त्यात 'कल्लियाना' या बंदराचा उल्लेख आहे. तिथे ख्रिस्ती लोक आहेत आणि त्यांचा बिशप इराणहून नेमला जातो, असे तो सांगतो. बहुतेक अभ्यासक हे बंदर म्हणजे आमचे कल्याणच मानतात.

त्याच ग्रंथात नाण्याविषयी एक प्रसंग आहे. सोपात्रोस नावाचा रोमन व्यापारी श्रीलंकेच्या राजासमोर उभा असतो आणि एक इराणी माणूस म्हणतो की आमचा राजा अधिक थोर. सोपात्रोस उत्तर देतो की दोन्ही राजे इथेच हजर आहेत, आपणच पाहून ठरवा. मग तो सोन्याचा सॉलिडस आणि इराणचे चांदीचे नाणे राजापुढे ठेवतो. राजा दोन्ही उलटून-पालटून पाहतो आणि सोन्याच्या बाजूने कौल देतो. दूरच्या बेटावर नाणे म्हणजेच राजा होता.

दक्षिण भारतात ही नाणी प्रत्यक्ष सापडलीही आहेत. कर्नाटकातल्या अक्की आलूरच्या साठ्यात पाचव्या-सहाव्या शतकांतले सॉलिडस निघाले. आपल्याकडे सापडणाऱ्या अशा बऱ्याच नाण्यांना सम्राटाच्या डोक्याच्या वर दोन भोके पाडलेली दिसतात, कारण ती दोऱ्यात ओवून गळ्यात घातली जात. भोके डोक्याच्या वर पाडली, म्हणजे गळ्यात सम्राट सरळ उभा दिसावा अशी काळजी घेतली.

पैठणी

@सह्यकडा, गळ्यात घालण्याचा विषय आपण काढलात म्हणून धीर करून लिहिते. आमच्या घरी आजीची पुतळ्यांची माळ आहे. पुतळी हे मूळचे व्हेनिसचे नाणे, असे ऐकले आहे. त्याचा या धाग्याशी काही संबंध लागतो का?

ऋतुगंध

@पैठणी, फार जवळचा लागतो. व्हेनिस हे मुळात बायझंटाईन छत्राखाली वाढलेले शहर. तिथे एन्रिको दांदोलो (११९२–१२०५) याच्या काळात चांदीचे मोठे नाणे निघाले, त्यावर सिंहासनावर बसलेला ख्रिस्त आहे आणि दुसऱ्या बाजूला संत मार्क व शहराचा प्रमुख, ज्याला ते डोजे म्हणत, यांनी मधोमध एक ध्वजदंड धरला आहे. सम्राट आणि संत यांनी मधोमध क्रूस धरून उभे राहायचे, ही कॉन्स्टँटिनोपलची ठरलेली मांडणी होती. १२८४ मध्ये सोन्याचा डुकाट आला, साडेतीन ग्रॅमचा आणि जवळजवळ शुद्ध. त्यावर डोजे संत मार्कसमोर गुडघे टेकून ध्वज स्वीकारतो आणि मागच्या बाजूला ताऱ्यांनी वेढलेल्या लंबगोलात ख्रिस्त उभा आहे. भोवतीच्या लॅटिन लेखाचा अर्थ असा: 'हे ख्रिस्ता, ज्यावर तू राज्य करतोस ते हे राज्य तुला अर्पण असो.'

हेच नाणे शतकानुशतके भारतात येत राहिले आणि त्यावरच्या उभ्या आकृत्यांमुळे आपल्याकडे त्याला पुतळी म्हणू लागले. पुढे आपल्या सोनारांनी त्याच्या नकला केल्या आणि संत व डोजे यांच्या आकृत्यांना आपल्या देवांची रूपे मिळाली.

टांकसाळ

सर्वांचे मनापासून आभार. चिकित्सक यांनी घातलेली मुरड मी मान्य करतो. मी 'नम्रता की दावा' असे विचारले होते, आणि त्यात ही दोन एकमेकांविरुद्ध आहेत असे गृहीत धरले होते. आयझॅकच्या तलवारीने ते गृहीतक मोडले. निनावी फोलिसविषयी हिशेबनीस यांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तरही आता देता येईल असे वाटते: सम्राटाने नाव काढले, पण टांकसाळ त्याच्याच ताब्यात राहिली, आणि कर भरताना तेच नाणे त्याच्याकडे परत जात होते. नाव लिहिण्याची त्याला गरज उरली नव्हती.

एक नाणे मात्र मला अजून कोड्यात टाकते. १२०४ मध्ये धर्मयोद्ध्यांनी लुटलेले कॉन्स्टँटिनोपल मायकेल आठवा याने १२६१ मध्ये परत मिळवले. त्यानंतरच्या त्याच्या सोन्याच्या नाण्यावर एका बाजूला तटबंदीच्या वर्तुळात हात उंचावून उभी असलेली मरिया आहे आणि दुसऱ्या बाजूला स्वतः सम्राट ख्रिस्तासमोर गुडघ्यांवर आहे; त्याच्या मागे उभा असलेला देवदूत त्याला सावरतो आहे. साडेपाचशे वर्षांपूर्वी जस्टिनियन ख्रिस्ताचा दास म्हणवतानाही ताठ उभा होता, आणि मायकेल मात्र गुडघे टेकतो. शहर परत मिळाल्याची खरी कृतज्ञता मला इथे दिसते, आणि ती दावा म्हणून वाचायला माझे मन तयार होत नाही. शंभर वर्षांच्या आतच साम्राज्याचे सोन्याचे नाणे कायमचे बंद झाले.

चिकित्सक

मायकेल आठवा याने गादीचा वारस असलेल्या मुलाचे डोळे काढून ती बळकावली होती, आणि त्याबद्दल धर्मगुरूंनी त्याला बहिष्कृत केले होते, हेही त्या गुडघ्यांकडे पाहताना आठवावे.

टांकसाळ

@चिकित्सक, आठवते. तरीही माझे मन तयार होत नाही.

पैठणी

आज माळ काढून भिंगातून पाहिली. एका बाजूला दोन आकृत्या आहेत आणि त्यांच्यामध्ये एक उभी काठी आहे. दुसऱ्या बाजूला ठिपक्यांच्या लंबगोलात एकच आकृती आहे. अक्षरांच्या जागी आता नुसत्या उभ्या-आडव्या रेघा उरल्या आहेत. सर्व पुतळ्या दोन आकृत्यांची बाजू पुढे येईल अशाच ओवलेल्या आहेत. एकटी आकृती आतल्या बाजूला, अंगाला लागते, आणि ती पुष्कळ झिजली आहे. आई म्हणते, आजीने माळ कधी उलटी घातलेली तिला आठवत नाही.